चोपन्न पौंड

३ मार्च

प्रिय मामा,

चार रॅकेटींत तारा भरायच्या, त्या गटिंगला एक पत्र, हा दर मी चौदा वर्षांची असताना तूच ठरवलास. वर टीपही जोडलीस, "फोनवर 'बरी आहे' एवढं म्हणून सुटतेस, कागदावर तेवढ्याने भागत नाही." पंधरा वर्षं झाली, तुझा दर काही वाढला नाही. तेव्हा हे घे.

पात्रता फेरीचे दोन्ही सामने जिंकले. मुख्य स्पर्धेचा पहिलाच हरले. ६-१, ६-२, एक्कावन्न मिनिटांत. समोरची मुलगी एकोणीस वर्षांची. जाळ्यापाशी हात मिळवताना म्हणाली, "मी लहान होते तेव्हा आई मला तुमचे सामने बघायला आणायची." मनापासून म्हणाली बिचारी. मला तिथेच फतकल मारून बसावंसं वाटलं.

हे सलग सातव्यांदा झालं, मामा. दोन सामने मी खेळते आणि तिसऱ्याला माझ्याऐवजी कुणी दुसरीच उतरते. चेंडू रॅकेटवरून सुटतच नाही. ढकलावा लागतो, आणि ढकलला की उजवं कोपर ओरडतं. इथल्या मुलींनी माझं नाव 'दोन दिवसांची पाहुणी' ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी मी क्रमवारीत एकशे बारावी होते, आज दोनशे सत्त्याऐंशी. सर म्हणतात, दोष हातात नाही, डोक्यात आहे. त्याला त्यांनी 'तिसऱ्या सामन्याची धास्ती' असं नावसुद्धा दिलंय, म्हणजे आता ती जायची नाही.

मला मात्र वेगळाच संशय आहे. हसू नकोस. तुझ्याकडून आलेल्या चार रॅकेटी पहिल्या दोन सामन्यांत संपतात, तारा तुटतात नाहीतर मरगळतात. तिसऱ्याला उरतात त्या स्पर्धेतल्या गटिंगवाल्याने भरलेल्या. त्यालाही मी तारांचा ताण चोपन्न पौंडच सांगते आणि तूही चोपन्नच ओढतोस. आकडा तोच, पण तुझ्या हाताला काहीतरी गुण आहे. सरांना हे सांगितलं तर ते मला रॅकेटला लिंबू बांधायला सांगतील, म्हणून फक्त तुला लिहिते.

रिकाम्या चार रॅकेटी सोबत आहेत. आणि हो, माझा बॅगा तोलायचा तो छोटा वजनकाटा तुझ्या दुकानात दारामागच्या खिळ्याला लटकत राहिलाय. तेवढा पाठव.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी काय लिहायचे.

चार रॅकेटी पाठवतो आहे. चोपन्न पौंड, ना एक कमी ना एक जास्त. माझ्या हाताला गुण आहे हे वाचून बरं वाटलं, पण ते खरं नाही. गुण मशीनला आहे. तेहतीस वर्षं झाली, एकदा दांडा फिरवला की जिथे सांगितलं तिथेच 'टक्' करून थांबतं. क्लबने जिन्याखालचं दुकान काढून मला या पंपाच्या खोलीत टाकलं त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. खोलीला ओल आली, मला गुडघेदुखी आली, पण मशीन ठणठणीत. माणसं बिघडतात, मशीन बिघडत नाही.

आता तूच बिघडली असशील तर बघायला हवं. पण मला नाही वाटत. भिंतीवर लाल रंगात 'भिंगरी ५४' लिहिलंय ना, ते मी रोज बघतो. सतराव्या वर्षी पहिली मोठी ट्रॉफी आणलीस त्या दिवशी रंगवलं होतं. क्लबातले म्हातारे अजून नवीन माणसाला तो आकडा दाखवतात, जसा काही माझ्या घराण्याचा शिक्काच आहे.

वजनकाटा सापडला. पण तुला कशाला हवा तो? तू तर बॅग हाताने उचलून किलो सांगायचीस. विमानतळावर काउंटरवरच्या बाईला आधीच 'साडेबावीस' सांगायचीस आणि खरंच साडेबावीस भरायचे. ताईला केवढा अभिमान त्याचा! तुझ्या ट्रॉफ्यांपेक्षा तेच जास्त सांगत फिरायची. पार्सल बांधून झालंय, काटा पुढच्या खेपेला पाठवतो.

जेवण वेळेवर घे. हे ताईने लिहायला सांगितलं आहे, मी नुसता हमाल.

मामा


६ एप्रिल

प्रिय मामा,

आठव्यांदा. पात्रतेचे दोन सामने तुझ्या रॅकेटींनी असे खेळले की सर टाळ्या वाजवत होते. तिसऱ्याला पुन्हा तेच. दुसऱ्या सेटमध्ये मी सर्व्हिस करताना ओठ चावत होते, कोपरामुळे.

डॉक्टरकडे जाऊन आले. सगळ्या तपासण्या केल्या, फोटो काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही फाटलेलं नाही, काही मोडलेलं नाही. दुखायला नको." मी म्हटलं, "पण दुखतंय." त्या म्हणाल्या, "हो, ते दिसतंय." एवढ्या शिकलेल्या बाई, आणि शेवटी आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

वजनकाटा मला का हवा हे विचारलंस. उजव्या हाताने मी हल्ली काही उचलत नाही, मामा. चहाची किटलीसुद्धा डाव्या हाताने. डाव्याला वजनाचा अंदाज नाही. गेल्या वेळी काउंटरवर बॅग तीन किलो जास्त भरली आणि सगळ्यांसमोर उघडून मी दोन स्वेटर आणि एक जॅकेट अंगावर चढवलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी "ताप आहे का?" म्हणून विचारलं.

आता मुद्द्याचं. सरांनी मला अकादमीत नोकरी देऊ केली आहे. बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवायचं. पंधरा मेपर्यंत हो की नाही कळवायचंय. जूनमध्ये मोठी स्पर्धा आहे, पण हो म्हटलं तर तिथे जायचा प्रश्नच नाही. बेकरीवरच्या माझ्या खोलीत बसून मी दोन दिवस विचार करतेय. खालून पावाचा वास येतो आणि मी विचार करते. काही ठरत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही. तुझं ऐकेन असं नाही, पण तुझं आल्याशिवाय मी ठरवणारही नाही.

रिकाम्या चार सोबत.

भिंगरी


१७ एप्रिल

चि. भिंगरी,

रॅकेटी मिळाल्या. गटिंग झालेलं नाही, तेव्हा या खेपेला पाठवत नाही. वजनकाटाही सध्या राहू दे.

काही विचारतो, चिडू नकोस. स्पर्धेतल्या रॅकेटीने मारलास की हाताला कसं लागतं? बंद दारावर मूठ आपटल्यासारखं? आणि चेंडू आखूड पडतो का? माझ्याकडच्या रॅकेटीने तसं कधीच होत नाही ना? नीट आठवून लिही.

दुसरं म्हणजे, हाताला जरा विश्रांती दे. एक महिना रॅकेट धरली नाहीस तर आभाळ कोसळणार नाही. जूनच्या स्पर्धेचं नंतर बघू. सरांना आत्ता हो नको, नाही नको.

ताईला यातलं काही बोलू नकोस. मी ठीक आहे. जरा कामात आहे.

मामा


२७ एप्रिल

मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पंधरा वर्षांत तू मला एवढं आखूड पत्र लिहिलं नव्हतंस. चेष्टा नाही, आईचा निरोप नाही. रॅकेटी नाहीत. वजनकाटासुद्धा नाही, म्हणजे आता मला प्रवास नाही असंच तू धरून चाललायस.

'एक महिना रॅकेट धरली नाहीस तर'. हे सरांनी म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं, फिजिओने म्हटलं. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, मामा असं कधी म्हणणार नाही. अंगात ताप असताना मला कोर्टवर नेणारा तू. आईशी त्यावरून आठ दिवस अबोला धरणारा तू. स्पष्ट लिही म्हटलं होतं, तर सरळ 'पुरे झालं आता' असं लिहायचंस. आडून आडून कशाला? मी काय लहान आहे?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: हो. हो. आणि नाही, तुझ्या रॅकेटीने कधीच होत नाही. बरोबर ओळखलंस सगळं. म्हणजे सर म्हणतात तेच, घरचं बोट धरलं की मी चालते आणि सुटलं की पडते. एकोणतिसाव्या वर्षी मामाच्या रॅकेटीशिवाय जिला खेळता येत नाही तिने खेळाडू म्हणवून घेऊ नये, हे मलाही कळतं.

काल सरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आले. नोकरी स्वीकारते म्हणून. ते बाहेरगावी गेलेत, चौदा तारखेला येऊन वाचतील.

तू ठीक आहेस असं आपणहून लिहिलंस, त्याचीच काळजी वाटते आहे. तब्येत बरी नसेल तर तेवढं तरी खरं सांग.

भिंगरी


४ मे

चि. भिंगरी,

सरांच्या टेबलावरची चिठ्ठी उचल. आधी ते कर, मग हे पत्र वाच. मी थांबतो.

उचललीस? आता ऐक. माझी तब्येत उत्तम आहे. बिघडलंय ते मशीन, आणि ते मी बिघडवलं आहे.

तुझा वजनकाटा पाठवायला म्हणून खिळ्यावरून काढला. छान वस्तू आहे, आकडे लगेच दाखवतो. पार्सलमध्ये टाकायच्या आधी म्हटलं, जरा गंमत करू. मशीनच्या चिमट्यात तारेचा फास धरला, फासात तुझ्या काट्याचा हूक अडकवला, काट्याचं दुसरं टोक खांबाला बांधलं आणि दांडा फिरवला. चोपन्नवर मशीन 'टक्' करून थांबलं, नेहमीसारखं. चोपन्न पौंड म्हणजे साडेचोवीस किलो. काटा दाखवत होता एकवीस पूर्णांक तीन. म्हणजे सत्तेचाळीस पौंड.

मी काट्याला शिव्या दिल्या. मग शेजारच्या व्यायामशाळेतून वीस किलोची चकती मागून आणली आणि काट्याला टांगली. वीस दाखवले. पुन्हा मशीनला लावला, सत्तेचाळीस. सतरा वेळा ओढलं, पोरी. सतराही वेळा सत्तेचाळीस. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुकान हलवलं तेव्हा मशीन पडलं होतं. तुम्हा सगळ्यांना मी 'हमालांनी जरा टेकवलं' असं सांगितलं. हमालांनी नाही. त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी मध्ये हात घातला, आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर माझाच हात सुटला. माझ्याच बाजूने आपटलं. दांडा फिरतोय, 'टक्' वाजतंय एवढं बघून मी समाधान मानलं. तपासायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण तपासायचं म्हणजे शंका घ्यायची, आणि माझ्या मशीनवर शंका घेणारा अजून जन्माला यायचाय, असा माझा तोरा. आतली स्प्रिंग तेव्हाच ढिली झाली असणार.

आता तूच जुळवून बघ. दोन वर्षं मी तुला चोपन्न म्हणून सत्तेचाळीस पाठवतो आहे. ढिल्या तारा चेंडू आपणहून फेकतात, हाताला धक्का कमी बसतो. तुझं अंग त्याला सरावलं. तिसऱ्या सामन्यात तू खऱ्या चोपन्नची रॅकेट हातात घेतेस. चेंडू आखूड पडतो, तू जोर लावतेस, आणि तो सगळा जोर कोपरात जातो. दर स्पर्धेत हेच. तुझ्या डोक्यात काही नाही. धास्ती नाही, घरचं बोट नाही. तू मारत होतीस ते बरोबरच मारत होतीस. चुकीचा आकडा मी चिकटवून देत होतो.

गेल्या पत्रात हे का नाही लिहिलं? लाज वाटली म्हणून. मी ठरवलं होतं, गुपचूप नवी स्प्रिंग बसवायची, बरोबर चोपन्न ओढून तुला चार रॅकेटी पाठवायच्या, आणि कानावर हात ठेवायचे. तुला कधी कळलंही नसतं. मशीन दुरुस्तीला सोडणार इतक्यात लक्षात आलं, की बरोबर चोपन्न पाठवलं तर तुझ्या आठही रॅकेटी त्याच होणार, ज्यांनी तुझं कोपर दुखतं. म्हणजे माझी अब्रू राहील आणि तुझा हात जाईल. म्हणून तुला महिनाभर विश्रांती घे म्हणालो. तू खेळून आणखी दुखवून घेऊ नयेस एवढंच होतं मनात. तू त्याचा भलताच अर्थ घेतलास, आणि तुझी काय चूक, मी पत्रच तसं लिहिलं होतं.

तुझ्याजवळच्या चारही रॅकेटींच्या तारा काप. उरलेल्या चार मी मोकळ्याच पाठवतो आहे. कुठल्याही गटिंगवाल्याकडे जा आणि सत्तेचाळीस सांग. त्याने भुवया उंचावल्या तर उंचावू दे.

एकशे बारावरून तुला खाली ओढणारा मीच. दोन वर्षं गेली तुझी. माफी कशी मागायची ते मला येत नाही, तुझ्याकडे कधी मागायची वेळ आली नव्हती.

मामा


१३ मे

मामा, अरे मामा,

पत्र जिन्यात उभी राहून वाचलं. 'मी थांबतो' तिथे मी खरंच थांबले, धावत अकादमीत गेले, सरांच्या खोलीची किल्ली शिपायाकडून घेतली आणि चिठ्ठी उचलली. पेपरवेटखाली जशीच्या तशी होती. मग तिथेच सरांच्या खुर्चीत बसून पुढचं वाचलं. सत्तेचाळीसपर्यंत आले आणि रडायला लागले. शिपाई घाबरून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, "नाही हो, स्प्रिंग गेली." तो अजून माझ्याकडे जपून बघतो.

माझा जीव भांड्यात पडला, मामा. तुला कल्पना नाही. दोन वर्षं मला वाटत होतं की मी आतून संपले. हात म्हातारा झाला, डोकं भित्रं निघालं, आधीचं सगळं नुसतं नशीब होतं. आरशात बघायचे तेव्हा 'घाबरट' असं म्हणायचे स्वतःला. आणि तू लिहितोस, एक स्प्रिंग ढिली होती! याहून चांगली बातमी मला आजवर कुणी दिलेली नाही, एकशे बारावी झाल्याचीसुद्धा नाही.

रागही आला, तो लपवत नाही. मशीन पडल्याचं नाही, हात कुणाचाही सुटतो. पण दोन वर्षं ते 'टेकलं' म्हणत राहिलास त्याचा आला. आणि गेल्या महिन्यात आडून आडून लिहिलंस त्याचा जास्त आला. पण तो टिकला नाही, कारण मला काहीतरी आठवलं. आता माझी पाळी.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत तिथला गटिंगवाला, चष्म्यातला एक शांत गृहस्थ, तुझ्याकडून आलेली रॅकेट बोटांनी दाबून म्हणाला होता, "हे चोपन्न वाटत नाही. बरंच ढिलं आहे." मी त्याला काय म्हटलं असेल? "काका, माझ्या मामाच्या हाताचं गटिंग आहे ते. तुमचं तपासून बघा." असं ऐकवलं आणि तोऱ्यात निघून गेले. दोन वर्षांतलं एक अख्खं वर्ष तिथेच वाचलं असतं. तेव्हा तोरा काही तुझ्या एकट्याची मिरास नाही. आई म्हणते ना, मी तुझ्यावर गेले आहे, ते हेच.

आणखी ऐक. ज्या वर्षी तू दुकान हलवलंस त्या उन्हाळ्यात मी घरून परतले तेव्हा हात एकदम हलका वाटला होता. मला वाटलं सुट्टीचा परिणाम. म्हणजे चोपन्न माझ्या हाताला आधीपासूनच जड जायला लागलं असणार. सतराव्या वर्षीचा आकडा मी हट्टाने धरून बसले होते, कारण तू तो भिंतीवर रंगवला होतास.

आज सकाळी दोन रॅकेटी सत्तेचाळीसने भरून कोर्टवर गेले. सरांना काही सांगितलं नाही. पहिला चेंडू मारला, तो सुटला आणि रेषेच्या आत फूटभर पडला. दुसराही. तासभर मारत होते. कोपर गप्प. सर उद्या यायचे ते आजच आले होते, कुंपणापाशी येऊन म्हणाले, "आज काय खाल्लंस?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो धास्तीचा तक्ता मी उगाच केला." पाच पानी तक्ता होता तो.

नोकरीला नाही म्हटलं. सर म्हणाले, जागा ठेवत नाही, पण वाईटही वाटून घेत नाही. जूनच्या स्पर्धेत नाव दिलंय. माफीचं म्हणशील तर ती चार रॅकेटींच्या दरात बसत नाही, तेव्हा राहू दे. रिकाम्या चार सोबत आहेत.

भिंगरी


२४ मे

चि. भिंगरी,

तुझं पत्र ताईला वाचून दाखवलं. मशीन पडल्याचंही तिला सांगून टाकलं, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती." दोन वर्षं बाई गप्प होती! मी एवढं जपून ठेवलं होतं ते गुपित, आणि घरात ते फक्त माझ्यापुरतंच गुपित होतं.

नवी स्प्रिंग बसवली. कारागीर आला होता, म्हणाला हे मशीन आता संग्रहालयात द्या. मी त्यालाच संग्रहालयात पाठवणार होतो. आता तुझ्या काट्याने रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मशीन तपासतो, मग चहा. चोपन्न म्हणजे चोपन्न.

क्लबात सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दोन वर्षं मी तुमच्या तारा सात पौंड ढिल्या ओढल्या, ज्याला पुन्हा करून हवं त्याला फुकट करून देतो. मला वाटलं जोडे पडतील. आपले वकीलसाहेब उठून म्हणाले, "खबरदार घट्ट केलंस तर! दोन वर्षांत माझं कोपर बरं झालं, मी डॉक्टरला श्रेय देत होतो." मग तिथे सगळे म्हातारे कोपरं दाखवायला लागले. एकानेही रॅकेट परत आणली नाही. बिघडलेल्या मशीनची एवढी तारीफ मी आयुष्यात ऐकली नव्हती.

भिंतीवरच्या आकड्याचं काय करू ते सांग. ब्रश घेऊन दोनदा उभा राहिलो. हात धजत नाही.

चार रॅकेटी पाठवतो आहे. सत्तेचाळीस पौंड. तुझ्या काट्यावर प्रत्येक ताण मोजून. पण एक ऐकशील? तिथे त्या वापरू नकोस. जूनमध्ये सगळ्या सामन्यांना तिथल्याच गटिंगवाल्याकडून भरून घे. माझ्या हातात गुण नाही, तुझ्या हातात आहे, हे तुला एकदा दिसायला हवं. माझ्या चार नुसत्या बॅगेत राहू देत, सोबतीला.

मामा


१७ जून

प्रिय मामा,

पाच सामने. पात्रतेचे दोन, मग तिसरा, मग चौथा. पाचवा हरले, उपांत्यपूर्व फेरीत, ७-५ च्या तिसऱ्या सेटमध्ये, आणि जी जिंकली ती आता अंतिम फेरीत आहे. पाचही सामने तिथल्या गटिंगने खेळले. तुझ्या चार बॅगेत मुक्याने बसून होत्या. पाचव्या सामन्यात मोह झाला, पण हात लावला नाही.

तिथे गटिंगला कोण बसला होता, ओळख. तेच चष्म्यातले काका. मी जाऊन म्हटलं, "सत्तेचाळीस." त्यांनी रॅकेट घेतली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामांना विचारलंत का?" मी कान पकडले. मग त्यांना सगळी हकिकत सांगितली. वजनकाट्याचं ऐकून ते उठून उभे राहिले. म्हणाले, "तेहतीस वर्षांनी स्वतःचं मशीन चुकलं हे सांगणारा माणूस मला भेटायचाय." पत्ता घेतलाय त्यांनी. तुला पत्र येईल. दर तुमचा तुम्ही ठरवा.

तिसऱ्या सामन्याचं एवढंच सांगते, की तो तिसरा आहे हे मला पहिला सेट संपल्यावर आठवलं. मुलींनी माझं नाव बदललंय, आता 'घरजावई' म्हणतात, जात नाही म्हणून. क्रमवारी सोमवारी येईल. दोनशेच्या आत येते आहे असं सर म्हणतात. एकशे बारा अजून लांब आहे आणि कदाचित येणारही नाही. पण आता नाही आलं तरी मला कळेल की ते मी माझा खेळ खेळूनही आलं नाही.

भिंतीवरचं ५४ पुसू नकोस. ते सतरा वर्षांच्या मुलीचं आहे, तिने कमावलेलं. त्याच्याखाली ४७ लिही, तेवढ्याच मोठ्या अक्षरात आणि तुझ्याच हाताने.

आज परत निघाले. खोलीत बॅग भरून झाल्यावर सवयीने वजनकाटा शोधायला गेले, मग आठवलं तो तुझ्याकडे आहे. तुझ्या चार रॅकेटी जास्तीच्या, काउंटरवर पुन्हा स्वेटर चढवावे लागणार म्हणून धास्तावले. आणि मग काही विचार न करता बॅग उचलली, उजव्या हाताने. दारापर्यंत नेली, परत आणली. किटलीएवढंही जड काही या हाताने शेवटचं कधी उचललं होतं ते आठवत नाही. काउंटरवरच्या बाईंना मी आधीच सांगून टाकलं, "साडेबावीस."

साडेबावीसच भरले, मामा. काटा तुझ्याकडेच राहू दे. मला आता लागणार नाही.

तुझी,
भिंगरी